अन्नापासून पेशींना ऊर्जा कशी मिळते? आणि ती अडली तर काय होते?

‘डॉक्टर, साखर चारशे आहे म्हणता, मग अंगात त्राण का नाही?’ मधुमेही रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. साखर म्हणजे ताकद असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग रक्तात ती भरपूर असताना माणूस गळून का जातो आणि त्याचे वजन का उतरते?

कारण रक्तातली साखर ही अजून ऊर्जा झालेली नसते. घरात ज्वारीचे पोते असले तरी ती दळून, भाकरी थापून, भाजून ताटात येईपर्यंत पोट भरत नाही. साखरेचेही तसेच आहे. ती पेशीत जावी लागते आणि तिथे टप्प्याटप्प्याने जळावी लागते. यातला एखादा टप्पा अडला, तर रक्तात साखर साठत जाते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. हे टप्पे समजले, की डॉक्टरांच्या अनेक सूचनांमागचे कारणही समजते. आजारपणात इन्सुलिन का थांबवायचे नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर का घालायची नाही, थकव्यावर सलाईन हा उपाय का नाही, या सगळ्याची उत्तरे त्यातच आहेत.

अन्नापासून रक्तापर्यंत

आपल्या जेवणातून ऊर्जा देणारे घटक मुख्यतः तीन.

- कर्बोदके : भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, साखर, फळे. १ ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात.
- प्रथिने : डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे, मटण. १ ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी.
- स्निग्ध पदार्थ : तेल, तूप, लोणी, शेंगदाणे, खोबरे. १ ग्रॅममधून सुमारे ९ कॅलरी.

पचनात यांचे बारीक तुकडे होतात. कर्बोदकांपासून मुख्यतः ग्लुकोज, प्रथिनांपासून अमिनो आम्ले आणि स्निग्ध पदार्थांपासून मेदाम्ले तयार होतात. हे तुकडे आतड्यातून शोषले जातात आणि रक्तावाटे पेशींपर्यंत पोहोचतात. भात खाल्ला काय, साबुदाणा खाल्ला काय, पेशीच्या दाराशी पोहोचते ते ग्लुकोजच.

पेशीच्या आत काय घडते?

चूल पेटवली तर लाकडातली ऊर्जा एकदम उष्णता होऊन बाहेर पडते. पेशीला असे करून चालणार नाही, ती स्वतःच जळून जाईल. म्हणून पेशी ग्लुकोज थोडे थोडे, अनेक पायऱ्यांनी मोडते. त्याचे तीन मोठे टप्पे आहेत.

पहिला टप्पा पेशीद्रवात होतो. ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. यासाठी ऑक्सिजन लागत नाही, पण हाती ऊर्जाही फार थोडी लागते.

दुसरा टप्पा तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात होतो. पेशीतले हे अगदी सूक्ष्म भाग म्हणजे ऊर्जा तयार करण्याची ठिकाणे. इथे ते तुकडे आणखी मोडतात आणि त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. तुम्ही आत्ता सोडलेल्या श्वासात तोच आहे. रासायनिक क्रियांचे हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेदाम्ले आणि अमिनो आम्लेही याच चक्रात येऊन मिळतात.

तिसरा टप्पा मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर होतो आणि बहुतांश ऊर्जा इथेच मिळते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी ऑक्सिजनपाशी पोहोचतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळून पाणी तयार होते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीसाठी.

या सगळ्यातून पेशीला मिळतात एटीपी नावाचे रेणू. शाळेच्या पुस्तकात यालाच ऊर्जेचे चलन म्हटलेले असते. स्नायूचे आकुंचन, हृदयाचा ठोका, मेंदूतले संदेश, मूत्रपिंडाचे गाळण्याचे काम, सगळे एटीपी खर्चून चालते. १९२९ मध्ये हा रेणू शोधणाऱ्यांमध्ये आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी हे काम केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही हा रेणू सापडला.

दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ऑक्सिजन नसताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे निव्वळ २ रेणू मिळतात. ऑक्सिजन असताना सुमारे ३० ते ३२ मिळतात. शिवाय एटीपी साठवून ठेवता येत नाही. जेवढे तयार होते तेवढे लगेच खर्च होते. दिवसभरात शरीर ढोबळमानाने स्वतःच्या वजनाइतके एटीपी पुन्हा पुन्हा तयार करते आणि वापरते. म्हणून पुरवठा तुटला, की काही मिनिटांतच परिणाम दिसू लागतो.

जेवण झाल्यावर आणि उपाशीपोटी

जेवल्यावर रक्तातील ग्लुकोज वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. इन्सुलिनमुळे स्नायू आणि चरबीच्या पेशींचे दार ग्लुकोजसाठी उघडते. जास्तीचे ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साठते. त्याहूनही जास्त झाले तर त्याची चरबी होते.

यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण १०० ग्रॅम असतो. रात्री झोपेत रक्तातील साखर टिकते ती मुख्यतः याच्या जोरावर. स्नायूंतला साठा याहून मोठा असतो, पण तो स्नायू स्वतःसाठीच वापरतात, रक्तात परत सोडत नाहीत. पोटात काही नसेल तर यकृतातला साठा जवळपास एका दिवसात संपत येतो. मग यकृत अमिनो आम्लांसारख्या इतर पदार्थांपासून नवे ग्लुकोज बनवते. त्याच वेळी चरबी मोडून मेदाम्ले बाहेर येतात आणि यकृत त्यांच्यापासून कीटोन तयार करते. लांबलेल्या उपासमारीत मेंदूही कीटोनवर काम भागवू शकतो.

निरोगी माणसात ही अदलाबदल आपोआप होते. थोडेसे इन्सुलिन सतत स्रवत असते आणि चरबी प्रमाणाबाहेर मोडू देत नाही. हा मुद्दा पुढच्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे.

इन्सुलिन नसेल तर : भरल्या घरात उपाशी पेशी

टाइप १ मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. रक्तात ग्लुकोज वाढत जाते, पण स्नायूंना ते घेता येत नाही. उपासमार चालू आहे असे समजून शरीर चरबी आणि स्नायू मोडायला लागते. यकृत आणखी ग्लुकोज बनवून रक्तात सोडते. चरबी मोडण्यावर इन्सुलिनचा लगाम नसल्याने कीटोनचा नुसता पूर येतो. कीटोन आम्लधर्मी असल्यामुळे रक्त आम्लधर्मी होते. या अवस्थेला डायबेटिक कीटोॲसिडोसिस किंवा डीकेए म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो.

रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली, की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, घसा कोरडा पडतो, वजन झपाट्याने उतरते. अंथरूण ओले करणे बंद झालेले मूल पुन्हा ओले करू लागते. लघवीला मुंग्या लागतात असेही पालक सांगतात. ही लक्षणे दिसली तर मुलाची रक्तातील साखर त्याच दिवशी तपासा.

डीकेएमध्ये पुढील लक्षणे दिसतात.

- मळमळ, उलट्या, पोटात दुखणे
- खोल आणि जलद श्वास
- श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास
- डोळे आणि तोंड कोरडे पडणे, कमालीचा थकवा
- गुंगी, बडबड, पुढे बेशुद्धी

लहान मुलांमध्ये हे पोटाचा विकार किंवा न्यूमोनिया समजून वेळ जाण्याची शक्यता असते. उलट्या आणि धाप एकत्र दिसली तर ‘साखर तपासली का?’ असे पालकांनी स्वतः विचारायला हरकत नाही. बोटाच्या टोकावरून ही तपासणी एका मिनिटात होते.

इन्सुलिन उपलब्ध होण्याआधी या मुलांना वाचवण्याचा उपायच नव्हता. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिले गेले. उपचार म्हणून इन्सुलिन मिळालेला तो पहिला रुग्ण. त्यानंतर तो आणखी तेरा वर्षे जगला. आज योग्य उपचार घेणारी टाइप १ ची मुले शिकतात, खेळतात, नोकरी आणि संसार करतात.

आजारपणात इन्सुलिन बंद करू नका

ताप आला, उलट्या झाल्या, मूल जेवत नाही, म्हणून घरचे इन्सुलिन थांबवतात. ‘पोटात काही नाही, साखर उतरेल’ ही भीती त्यामागे असते. पण तापात शरीराची इन्सुलिनची गरज उलट वाढते आणि न जेवताही यकृत ग्लुकोज सोडत राहते. टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद केले तर काही तासांत डीकेए सुरू होऊ शकतो. अशा वेळी हे करा.

- दिवसभर चालणारे, म्हणजे बेसल इन्सुलिन चालू ठेवा. मात्रा किती कमी-जास्त करायची ते डॉक्टरांना फोन करून विचारा.
- दर २ ते ४ तासांनी साखर तपासा.
- साखर २५० च्या वर असेल किंवा उलट्या होत असतील तर लघवीतील किंवा रक्तातील कीटोन तपासा. पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. त्या आधीच घरी आणून ठेवा.
- थोडे थोडे पाणी सतत द्या. साखर कमी असेल तर गोड पेय द्या.
- उलट्या थांबत नसतील, कीटोन वाढलेले असतील किंवा श्वास जलद असेल, तर घरी थांबू नका.

टाइप २ मधुमेहात डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. या गोळ्यांवर असताना साखर फारशी वाढलेली नसतानाही डीकेए होऊ शकतो. उलट्या, जुलाब, उपासमार किंवा ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. मेटफॉर्मिनबद्दलही हाच सल्ला आहे.

साखर फार उतरली तर

मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी सुमारे २० टक्के ऊर्जा तोच वापरतो. त्याच्याकडे ग्लुकोजचा म्हणावा असा साठा नसतो. म्हणून साखर ७० च्या खाली गेली, की घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड आणि गोंधळ सुरू होतो. आणखी उतरली तर झटके येतात, शुद्ध हरपते.

माणूस शुद्धीवर असेल तर ३ ते ४ चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात कालवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर अजून कमी असेल तर पुन्हा द्या. नंतर पोळी, बिस्किट असे काही खायला द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साखरेऐवजी ग्लुकोज पावडरच द्यावी, कारण या गोळ्यांमुळे साधी साखर लवकर पचत नाही.

शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे उतरलेली साखर उपचारानंतर पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा.

उपवास आणि मधुमेह

आषाढी एकादशी, श्रावण, नवरात्र. घरात उपवास असतोच. साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. सोबत बटाटा आणि रताळे आले, की साखर पटकन चढते. दुसऱ्या बाजूला निर्जळी उपवास करून नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतले तर ती धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून उपवासाच्या आठवडाभर आधी औषधांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ताक, दूध, मूठभर शेंगदाणे, भगरीची थोडी मात्रा असे खाणे साबुदाण्याने भरलेल्या ताटापेक्षा बरे. टाइप १ चे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि साखर वारंवार उतरणाऱ्यांनी कडक उपवास करू नये. उपवासातही साखर ७० च्या खाली गेली तर लगेच काहीतरी गोड खा. व्रतापेक्षा जीव मोठा आहे.

ऑक्सिजन पोहोचला नाही तर

इंधन आहे, पण ऑक्सिजन नाही, अशी वेळ आली तर पेशीला फक्त पहिल्या टप्प्यावर भागवावे लागते. तेवढ्यावर मेंदू आणि हृदय टिकत नाहीत.

हृदय थांबले : काही सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाब देत राहा.

पक्षाघात : चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेल लावून, झोपवून वाट पाहू नका.

बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा बंद खोलीतली शेगडी : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर आली तर लगेच मोकळ्या हवेत या. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे असते, त्यावर आकडा चांगला दिसू शकतो.

सतत थकवा असेल तर

आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल तर वरच्या साखळीत कुठे अडले आहे ते शोधावे लागते. लोह कमी असेल तर ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी पडते. शिवाय मायटोकॉन्ड्रियालाही लोह लागते. बी१ जीवनसत्त्व नसेल तर ग्लुकोजचे तुकडे दुसऱ्या टप्प्यात नीट जात नाहीत. दीर्घकाळ दारू पिणारे आणि गरोदरपणात सतत उलट्या होणाऱ्या स्त्रिया यांच्यात ही कमतरता आढळते. थायरॉइड कमी असेल तर सगळा कारभारच मंदावतो. झोप, नैराश्य आणि चालू औषधे हीसुद्धा कारणे असतात. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांच्या तपासणीने सुरुवात करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अशक्तपणासाठी सलाईन लावावे का?*
५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीलीटर बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे शंभराच्या आतबाहेर कॅलरी. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त असतात. शरीरातले पाणी कमी झाले असेल किंवा तोंडाने काही घेता येत नसेल तर सलाईन गरजेचे ठरते. ताकदीसाठी नाही.

*कीटो आहाराने तयार होणारे कीटोन धोकादायक असतात का?*
ज्यांचे इन्सुलिन पुरेसे आहे, त्यांच्यात कीटोन मर्यादेत राहतात. टाइप १ मधुमेह असेल किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

*वजन घटते तेव्हा चरबी जाते कुठे?*
घामातून वितळून जात नाही. तिचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जातो, उरलेल्याचे पाणी होते.

*चालण्याने साखर का उतरते?*
काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही ग्लुकोज आत घेऊ शकतो. नियमित व्यायामाने स्नायूंमधील मायटोकॉन्ड्रियाही वाढतात. जेवणानंतर १५-२० मिनिटे चाललात तरी फरक पडतो. मात्र साखर २५० च्या वर असून कीटोन आढळले असतील तर त्या वेळी व्यायाम टाळा.

तातडीने रुग्णालयात कधी जावे?

- मधुमेही व्यक्तीला उलट्या, पोटदुखी आणि जलद श्वास
- साखर ७० च्या खाली आणि उपायांनी न वाढणे, किंवा शुद्ध हरपणे
- मुलाला खूप तहान, खूप लघवी आणि झपाट्याने उतरणारे वजन
- छातीत दुखणे, धाप, चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे

जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि साखरेच्या नोंदींची वही सोबत न्या. शेवटचे इन्सुलिन किती वाजता आणि किती घेतले हे सांगा. उपचाराची दिशा ठरवताना डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या औषधांच्या मात्रेत बदल मात्र तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.